चांद्याची लूत

देवाला सोडलेल्या बोकडाला नाव देऊ नये, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. नाव दिलं की तो बोकड राहत नाही, घरातलं माणूस होतो. आणि घरातलं माणूस म्हसोबापुढं कोण उभं करणार? धोंडाबाईला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. देवळाली कॅम्पाच्या बाजारामागच्या त्या वस्तीत असले नियम सगळ्यांत जास्त तिलाच पाठ. कुणाच्या घरी सुतक किती, कोणत्या वारी केस धुवायचे नाहीत, सगळं तिला विचारायचं. तरी तिनं नाव दिलं. कपाळावर नखाएवढी पांढरी कोर होती म्हणून चांद्या.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्याच वर्षातली ही गोष्ट. धोंडाबाईचा नवरा गेणू जाऊन कैक वर्षं झाली होती. पोटी काही नाही. धाकटा दीर सावळीराम आणि त्याची बायको कलाबाई यांच्या घरात ती राहत होती. सावळीराम लष्कराच्या मेसमध्ये भांड्यापाण्याचं काम करायचा. त्याला दोन मुलीच. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा कलाबाई नाल्याकाठच्या म्हसोबाला गेली आणि पदर पसरून म्हणाली, "पोरगा दे, पुढच्या कार्तिकातल्या जत्रेला बोकड देईन."

त्याच दिवाळीत घरची शेळी व्याली आणि व्याल्या व्याल्या मेली. मागं एक करडू राहिलं, काळंभोर, थरथरणारं. सावळीरामनं ते उचललं, म्हसोबापुढं नेलं, अंगावर गुलाल टाकला, कानाचं टोक कातरलं आणि परत आणून धोंडाबाईच्या ओटीत टाकलं. "वहिनी, ह्यो देवाचा. सोडलाय त्याला. तेवढा जगवा."

तेवढा जगवा! जसं काही जगवणं म्हणजे खुंटीला छत्री अडकवणं. बाटलीला रबरी बोंड लावून ती त्याला दूध पाजायची, थंडीत स्वतःच्या गोधडीत घेऊन निजायची. आता ज्याला कुशीत घेऊन निजायचं, त्याच्या मानेवर वर्षानं सुरी फिरायची आहे, हे रोज रोज कुणाच्या ध्यानात राहील? राहत नाही. माणूस मुळातच तसा सोयीनं विसरणारा.

चांद्या तिच्या मागं मागं नळावर जायचा, बाजारात जायचा, भाजीवाल्यांनी टाकलेला कोबीचा पाला खाऊन परत यायचा. सकाळी तोफखान्याचा सराव सुरू झाला की फळीवरच्या कपबश्या वाजायच्या, वस्तीतली कुत्री रडायची. हा आपला डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसायचा. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की धोंडाबाईच्या लुगड्याला डोकं घासून उभा राहायचा. "लेकरू दमलंय माझं," असं ती म्हणायची आणि बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. हसल्या तरी एखादी म्हातारी म्हणायचीच, "धोंडे, देवाच्या जनावराला लळा लावू नगं."

फाल्गुनात कलाबाईला मुलगा झाला. धोंडाबाईनंच सुईणीला पाणी तापवून दिलं, धोंडाबाईनंच पोराला पहिल्यांदा हातात घेतलं, आणि आनंदानं तिचे डोळे भरून आले. हात पुसत ती बाहेर आली तर दारात चांद्या उभा. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपण ज्याच्यासाठी रडलो ते पोर आल्याबरोबर ह्याचं मरण नक्की झालं. ती खाली बसली. मग स्वतःलाच म्हणाली, कार्तिकाला अजून लांब आहे.

श्रावणात पलीकडच्या गल्लीत इसाकच्या शेळ्यांना लूत लागली. इसाक कॅम्पात घरोघरी शेळीचं दूध घालायचा. त्याच्या शेळ्या भिंतीला अंग घासून घासून रक्त काढायला लागल्या, कानांवर पांढऱ्या खपल्या धरल्या, दोन शेळ्या गेल्या. धोंडाबाई घाबरली. चांद्याला अजून काहीही झालेलं नसताना ती त्याला ओढत जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथला डॉक्टर तरुण होता, घाटावरचा नव्हता, पण समजावून सांगायचा.

"आजी, ह्याचा किडा डोळ्याला दिसत नाही. कातडीत बीळ करून राहतो, तिथंच अंडी घालतो. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. लूत लागलेलं जनावर ज्या पोत्यावर निजलं ते पोतंसुद्धा आपल्या जनावराखाली घालायचं नाही. त्याचं दावं नको, त्याची खुंटी नको. गोठ्याला चुना मारा. आणि कुठं खपली दिसलीच, तर करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायचं, आठ-आठ दिवसांनी, अंडी मरेपर्यंत. पण लवकर. एकदा कातडी जाड झाली की मग अवघड आहे."

धोंडाबाईनं शब्द न शब्द ऐकला. घरी येऊन चांद्याखालचं जुनं गोणपाट जाळलं, दावं जाळलं, सारी छपरी चुन्यानं पांढरी केली. इसाकच्या शेळ्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की ही काठी घेऊन उभी. चांद्याला बाहेरच्या कुणी हात लावायचा तर आधी राखेनं हात धुवायचे. वस्तीनं तिला धोंडाभटीण म्हणायला सुरुवात केली. खुद्द इसाक एकदा दुधाची किटली खाली ठेवून हसत म्हणाला, "भाभी, कितना संभालोगे? बकरे की माँ कब तक खैर मनाएगी?"

"तू आधी तुझ्या शेळ्यांचं बघ रं," ती फणकारली. पण ते वाक्य तिच्या कानातून गेलं नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. इसाकच्या गल्लीतल्या निम्म्या शेळ्यांना लूत लागली, पण चांद्याच्या अंगावर केसाएवढीही खपली नव्हती. त्याचं काळं अंग तेल लावल्यासारखं चमकायचं. आणि दसऱ्याच्या दिवशी म्हसोबाचा भगत देवराम त्याला बघायला आला.

देवरामनं चांद्याचे दात बघितले, शिंगं बघितली, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, पाठीवर थाप मारली. "झकास. असा माल लय वर्षात नाय आला," तो सावळीरामला म्हणाला. "न्हायतर लोक काय बी घिऊन येत्यात. मागल्या साली एकानं शिंग मोडल्याला आणला. म्या परत धाडला. खोट असल्यालं जनावर म्हसोबा घेत नाय. जबरीनं दिलं तर उलाटतो."

"आन् मग त्या बोकडाचं काय झालं?" धोंडाबाईनं आतून विचारलं.

"काय व्हायचं? देवानं नको म्हणल्यालं कोन मारतंय? त्याला सुरी लागत नाय. फिरतोय अजून गावात. मालकाला मातुर दुसरा आणावा लागला."

त्या दिवशी तिनं सावळीरामपुढं हात जोडले. कधी नव्हे ते. "भाऊजी, सिन्नरच्या बाजारातनं दुसरा आणा. माझ्या पाटल्या मोडा. पर ह्यो नको."

सावळीराम वाईट माणूस नव्हता. त्याची मान खाली गेली. बोलली ती कलाबाई. पोराला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "जाऊबाई, देवाला दावल्यालं बदलता येतं का? माझ्या पोराला काय झालं म्हंजे? तुम्हाला बोकड जास्ती का ह्यो?"

पोरही तिचंच होतं. त्याची टाळू भरणं, त्याला न्हाऊ घालणं, धुरी देणं, सगळं धोंडाबाईच करायची. दोन्ही हातांत दोन जीव, आणि एकच ठेवायचा असं जणू कुणी तिला सांगितलेलं. पण माणसाचं मन मोठं वकिली असतं. बदलता येत नाही ना? नका बदलू. पण देवानंच नको म्हटलं तर? मग कुणाचा दोष? देव नाकारणार, दुसरा बोकड घेणार, पोराचाही नवस फिटणार, चांद्याही राहणार. सगळं बिनबोभाट. शिंग मोडायला तिचा हात धजला नसता. आणि लूत? लुतीला तर औषध होतं. पैशाला पुडी मिळणारं गंधक, आणि करंजाचं तेल घरातच होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती इसाकच्या वाड्याकडं गेली. कुंपणावर एक फाटकं गोणपाट टाकलेलं होतं, केसांनी आणि खपल्यांनी भरलेलं. ती ते ओढून काढत असताना इसाक बाहेर आला.

"अरे भाभी, वो मत लो. बीमारवाल्या शेळीचं हाय ते. जाळायला काढलंय."

"चुलीतच घालायचंय," धोंडाबाई म्हणाली. "पाणी तापवायला."

जिनं श्रावणभर त्याच्या शेळ्यांवर काठी उगारली ती बाई आज लुतीचं गोणपाट हातानं उचलून नेतेय, हे इसाकला विचित्र वाटलंच असणार. पण तो दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्यांतला नव्हता.

ते गोणपाट तिनं चांद्याखाली अंथरलं. तो विश्वासानं त्यावर बसला. डॉक्टरनं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते ते तिनं केलं. आणि पोरी जवळ आल्या की त्यांना मात्र ओरडून लांब पिटाळायची.

दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही. तिला वाटलं, फसलं. मग भाऊबीजेच्या सुमाराला चांद्या छपरीच्या खांबाला कान घासायला लागला. कानाच्या कातरलेल्या टोकाशी पहिली खपली दिसली तेव्हा धोंडाबाईला आनंद झाला. हो, आनंदच झाला, लपवायचं कशाला? तिनं त्याच्या कपाळावरच्या कोरीवर हात फिरवला आणि म्हणाली, "थोडं सोस रं राजा. जत्रा होऊ दे, मग बघ कसा चकचकीत करते तुला."

लोकांदेखत ती तेल चोळायची. तेलात गंधक नसायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी देवराम आला आणि अंगणातच थांबला. चांद्याचे दोन्ही कान खपल्यांनी जड झाले होते, नाकाडावर भेगा पडल्या होत्या, कोपरांची लव गेली होती. देवराम जवळसुद्धा गेला नाही. "न्हाय चालायचा," तो म्हणाला. "म्हसोबानं ह्याला नको म्हणल्याय. दुसरा आणा, आजच्या आज."

कलाबाईनं हंबरडा फोडला. सावळीराम कुणाकुणाच्या हातापाया पडून उसनवार करून सिन्नरकडं गेला आणि एक पांढरा बोकड घेऊन आला. दुसऱ्या दिवशी धोंडाबाईनं स्वतःच्या हातानं त्या पांढऱ्याला गूळ चारला. गूळ अजून त्याच्या तोंडात होता तेव्हाच देवरामचा हात फिरला आणि संपलं. धोंडाबाईनं मसाला वाटला, वस्तीला वाढलं, पोराच्या कपाळाला अंगारा लावला. इतकी हलकी ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती. म्हसोबाला तिनं मनातल्या मनात दंडवत घातला. फसवलं असं तिला वाटलंच नाही.

मग तिनं गंधकाची पुडी सोडली.

पहिल्यांदा चोळलं तेव्हा चांद्या किंचाळला. खपल्यांखाली मांस उघडं पडलं होतं. ती रडत रडत चोळत राहिली. आठ दिवसांनी पुन्हा. पुन्हा. पण थंडी पडायला लागली होती, आणि देवळालीची थंडी म्हणजे ठाऊकच आहे, तापलेल्या अंगातलीही ऊब काढून घेणारी. लूत कानांवरून मानेवर आली, मानेवरून पोटाखाली गेली. जिथं गेली तिथले केस गळाले आणि कातडी बाभळीच्या सालीसारखी जाड झाली. तेल वरच्या वर राहायचं, आत उतरायचंच नाही. ओठ फुटले म्हणून त्याला पाला चावता येईना. ती भाकरी चहात भिजवून बोटानं त्याच्या तोंडात घालायची, तो ती धरून ठेवायचा, गिळायचा नाही.

अशात पोराच्या अंगावर पुरळ उठला. हातांवर, मांड्यांवर, लाल लाल. पोर सारखं खाजवून रडायला लागलं आणि कलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हसोबा उलाटला! त्या बोकडानं उलाटवला!"

धोंडाबाईनं आपले हात बघितले. दिवसभर चांद्याला चोळायचं आणि त्याच हातांनी पोराला न्हाऊ घालायचं, हे तिनं केलं होतं. श्रावणात जगाला राखेनं हात धुवायला लावणारी ती, आणि आता तिलाच भान राहिलं नव्हतं. का खरंच म्हसोबाला सगळं कळलं होतं? तिनं पोराकडं बघितलं आणि तिला पहिल्यांदा कळलं की आपण काय पणाला लावलं होतं. कॅम्पातल्या दवाखान्यात मलम मिळालं. तिथले डॉक्टर म्हणाले, जनावराची लूत माणसाच्या अंगात घर करत नाही, खाजवते आणि जाते. तसंच झालं, पोर बरं झालं. पण कलाबाईनं त्यानंतर पोर तिच्या हातात दिलं नाही. चांद्याला घराजवळून हलवायला सांगितलं. धोंडाबाई त्याला घेऊन नाल्याकडच्या मोडक्या खोपटात जाऊन बसायला लागली. आगीतून निघाली ती फुफाट्यात पडली म्हणायचं, पण इथं पडला होता तो दुसराच कुणी.

ती एकदा त्याला पोत्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं पोतं उघडलं आणि चांद्याचा कान उचलून बघितला.

"आजी, तुम्हीच ना श्रावणात आला होता? ह्याला काहीच झालं नव्हतं तेव्हा. इतकं सगळं समजून घेऊन गेला होता तुम्ही. मग हे कसं होऊ दिलंत?"

ती खाली बघत राहिली. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला वाईट वाटतंय. त्यानं आवाज मऊ केला. "आता ह्याला सोडवलेलं बरं. फार हाल आहेत. मी करू का?"

"नको नको," म्हणून ती त्याला उचलून बाहेर पडली. अजून तिला वाटत होतं, ऊन लागलं की सुधारेल. पण त्या आठवड्यात चांद्या उठायचा थांबला. त्याच्या डोळ्यांवरही खपल्या आल्या. तिची चाहूल लागली की तो कण्हायचा आणि डोकं उचलून तिच्या हाताला घासायला बघायचा, खाज सुटायची म्हणून की लाड म्हणून, कोण जाणे. ती परत दवाखान्यात गेली तर डॉक्टर शिबिरासाठी लांबच्या खेड्यांत गेलेला, महिनाअखेरीशिवाय येणार नव्हता.

तेव्हा ती इसाककडं गेली.

"इसाक, सुरी घिऊन ये. माझ्याच्यानं बघवत नाय. सोडव त्याला."

इसाक हळू म्हणाला, "भाभी, तो तुमच्या देवाला सोडल्याला, आन् देवानं बी सोडल्याला. त्याला मी सुरी लावली आन् उद्या तुमच्या घरातल्या बाळाला शिंक जरी आली, तर वस्ती मला काय म्हणेल? माझी बी लेकरं इथंच राहतात." तो वळला, पुन्हा थांबला. "भाभी, वो बोरी, ते गोणपाट..." एवढंच म्हणाला. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढचं त्यानं गिळून टाकलं.

देवरामकडं गेली तर तो देव्हाऱ्यासमोरून उठलाही नाही. "धोंडाबाई, यडी का खुळी? नाकारल्याला बोकड तो. त्याला सुरी लागत नाय. तो आपल्या मरणानं मरतो."

सावळीराम तर ऐकूनच मागं सरला. पोरगं नुकतं बरं झालं होतं.

म्हणजे तिनं जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. चांद्याला सुरी लागणार नव्हती. कुणाचीच नाही. ती घरची विळी पदराखाली घेऊन खोपटात गेली आणि चांद्यानं आवाज ओळखून मान पुढं केली, तेव्हा तिनं विळी नाल्यात भिरकावली आणि ती ओक्साबोक्शी रडली. दिवसामागून दिवस ती तिथं बसून राहिली. तो मरत नव्हता. वर्षभर दूध, पाला, भाकरी घालून तिनंच त्याला इतका दणकट केला होता.

मार्गशीर्ष संपता संपता तो गेला, सकाळी, तोफांचा आवाज चालू असताना. जिवंतपणी जसा त्या आवाजाला दचकला नाही तसा मरतानाही दचकला नाही. तिनं त्याला पुरलं, खोपटातलं सगळं जाळलं, दावं जाळलं, नाल्यावर अंग खसखसून धुतलं आणि घरी आली. वस्तीतल्या बायका अंगणात जमल्या होत्या. कुणी म्हणाली, पोटच्या पोराचं कुणी करत नाही इतकं केलंस. कुणी म्हणाली, देवानं वाचवला होता, पण आयुष्यच तेवढं. धोंडाबाईला पांढरा बोकड आठवला. त्याला नाव नव्हतं, आणि त्याच्या तोंडात गूळ होता.

कलाबाई पोराला कडेवर घेऊन पुढं आली. इतक्या दिवसांचा राग तिच्या चेहऱ्यावर नव्हता. "जाऊबाई, बोलले असंल मी काय बाय. मनात ठिवू नका. घ्या ह्याला जरा, तुमच्यासाठी रडतोय सारखा."

पोरानं दोन्ही हात पुढं केले.

"नको. माझ्या हातात दिऊ नको," धोंडाबाई म्हणाली.

"आता कसली लूत? औषध झालं, अंग धुतलंत, बोकड बी गेला."

धोंडाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पोर हात पुढं करून रडायला लागलं, तरी तिनं ते बाहेर काढले नाहीत.